घरी राहून वैद्यकीय टंकलेखन : अनुभव आणि हिशेब

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी १९९८ साली एस.एस.सी. झाले, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा प्रसंग माझ्यावर येईल असे कधी वाटले नव्हते. सेक्रेटरी साहेबांनी मला विषय दिला तो असा : मुलींना घरी राहून करता येण्यासारखे काम. पालकांना उत्तेजन मिळेल असे चार शब्द बोलावेत, असेही त्यांनी पत्रात लिहिले होते. उत्तेजन किती मिळेल हे मी सांगू शकत नाही. परंतु हे काम मी २००६ सालापासून करीत आले आहे, त्यावर काही काळ माझे घर चालले आहे, आणि त्यात मी फसलेही आहे. तेव्हा जे आहे ते तसेच आपल्यापुढे ठेवावे, असे ठरवून मी आले आहे.

आमच्या कामाला इंग्रजीत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन म्हणतात. शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालीत, ते आपणा सर्वांना आठवत असेल. हे काम म्हणजे तेच श्रुतलेखन. फरक इतकाच की, सांगणारा अमेरिकेतला डॉक्टर आणि लिहिणारी म्हसळ्यातली किंवा मुंब्र्यातली एखादी बाई. तिकडे पेशंट तपासल्यावर त्याची सर्व हकीगत कागदोपत्री नोंदवावी लागते. विमा कंपनी पैसे देते ती त्या नोंदी पाहून, आणि उद्या कोर्टकचेरी झाली तर डॉक्टरचा बचाव त्या नोंदीवरच उभा राहतो. हे सर्व स्वतः लिहीत बसायला डॉक्टरला सवड नसते, म्हणून तो फोनवर किंवा रेकॉर्डरवर भराभर बोलून ठेवतो. पेशंटची तक्रार, पूर्वीचे आजार, तपासणी, निदान, औषधे, ऑपरेशन केले असल्यास त्याचे वर्णन, घरी सोडताना दिलेल्या सूचना. तो आवाज आमच्याकडे येतो आणि आम्ही तो ऐकून ठरावीक नमुन्यात टाईप करून परत पाठवतो. तिकडची संध्याकाळ ती आपली सकाळ, त्यामुळे डॉक्टर झोपून उठेपर्यंत त्याचा कागद तयार असतो. १९९० नंतरच्या दशकात बंगळूर, हैदराबाद, चेन्नई, मुंबई या शहरांत हे काम आले ते यामुळेच. आणि अर्थात आपली मजुरी तिकडच्या मानाने स्वस्त, हे कारण तर होतेच.

साधने फारशी नाहीत. संगणक, चांगले हेडफोन, इंटरनेट आणि पायाने दाबायचे एक पेडल. पेडल दाबले की आवाज चालू होतो, टाच दाबली की मागे जातो. दोन्ही हात टाईप करण्यात गुंतलेले असतात, म्हणून ही सोय. माझ्या सासूबाई शिलाई मशीन चालवीत. पहिल्यांदा त्यांनी मला पाहिले तेव्हा म्हणाल्या, "पाय तर मशीनवर आहे, मग कपडा कुठे आहे?" कानात भुंगळे घालून, भिंतीकडे पाहून, पाय हलवीत बसलेली सून पाहून त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकता.

मी बी.एस्सी. होते, टायपिंगची इंग्रजी ३० आणि ४० ची परीक्षा पास होते, म्हणून मला वाटले की हे काम सोपे जाईल. पहिला महिना मी अक्षरशः रडत काढला. वाचलेले इंग्रजी वेगळे आणि ऐकलेले इंग्रजी वेगळे. शिवाय अमेरिकेत सगळे डॉक्टर अमेरिकन नसतात. कोणी कोरियातला, कोणी नायजेरियातला, कोणी आपल्याकडचाच गुजराती. कोणी जेवता जेवता बोलतो, कोणी गाडी चालवताना बोलतो.

बरे, शब्द कळले तरी अर्थ कळेल याची खात्री नाही. एका रिपोर्टात डॉक्टर म्हणाला, "पेशंट डिनाइज चेस्ट पेन." मला वाटले, पेशंट खोटे बोलतो आहे आणि डॉक्टरला त्याचा संशय आहे. तसे काही नाही. छातीत दुखत नाही असे पेशंटने सांगितले, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा शब्द "अनरिमार्केबल". एका बाईचे हृदय अनरिमार्केबल आहे हे वाचून मला तिची कीव आली होती. पुढे समजले की, सांगण्यासारखा दोष सापडला नाही, म्हणजे सर्व ठीक आहे, याला तिकडे असे म्हणतात. आणि व्यवहारात "पॉझिटिव्ह" शब्द चांगला असला तरी तपासणीच्या कागदावर तो बहुधा वाईटच बातमी आणतो.

उर्दू माध्यमाच्या माझ्या बहिणींना इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण वैद्यकीय शब्दांची त्यांना फार धास्ती वाटते. मेंदूवर जे जाड आवरण असते त्याला "ड्यूरा मेटर" म्हणतात. हा लॅटिन शब्द, अर्थ कठीण आई. मेंदूच्या आवरणाला आई कोण म्हणेल? तर हे नाव मूळ अरबी वैद्यांचे. त्यांनी त्या आवरणांना "उम्म" म्हटले आणि बाराव्या शतकात त्यांच्या ग्रंथांचे लॅटिन भाषांतर करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवून "मेटर" केले. खोकल्याचे "सिरप" हाही "शराब" या अरबी शब्दाचाच वंशज, आणि तिथे त्याचा अर्थ नुसते पेय. तेव्हा हे शब्द अगदीच परके आहेत असे समजू नका. "हायपर" म्हणजे जास्त, "हायपो" म्हणजे कमी, "आयटिस" म्हणजे दाह, "एक्टमी" म्हणजे कापून काढणे. असे शे-दोनशे तुकडे पाठ झाले की हजारो शब्द आपोआप उलगडतात.

परंतु खरी जोखीम याच तुकड्यांत आहे. हायपरटेन्शन म्हणजे रक्तदाब जास्त, हायपोटेन्शन म्हणजे कमी. हेडफोनमधून दोन्ही सारखेच ऐकू येतात. फिफ्टीन आणि फिफ्टी यांचेही तसेच. एका शून्याने काय होते ते पाहा. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात २००८ साली मधुमेहाच्या एका महिलेला इस्पितळातून सोडताना इन्सुलिनचे ८ युनिट लिहायचे होते. टाईप होऊन आलेल्या कागदावर ते ८० झाले. तो कागद तपासून त्यावर सही व्हायच्या आधीच पुढे गेला, त्याप्रमाणे इन्सुलिन दिले गेले आणि ती बाई दगावली. ते टंकलेखन फिरत फिरत भारतात आले होते. २०१२ साली तेथील ज्यूरीने १४ कोटी डॉलर भरपाईचा निकाल दिला. हे प्रकरण आम्ही वर्तमानपत्रात वाचले तेव्हा आमच्या पाळीतल्या कोणीही त्या दिवशी दुपारचे जेवण केले नाही. कारण तो कागद आमच्यापैकी कोणाच्याही हातचा असू शकला असता.

आकड्यांचे नियम यासाठीच कडक आहेत. अर्धा लिहायचा तर दशांश चिन्हाआधी शून्य हवेच, म्हणजे ०.५. पूर्ण एक लिहायचा तर पुढे दशांश चिन्ह आणि शून्य चालत नाही, कारण १.० मधला ठिपका पुसट झाला तर एकाचे दहा होतात. "युनिट" हा शब्द पूर्ण लिहायचा, नुसते "यू" अक्षर नाही, कारण घाईत ते शून्यासारखे दिसते. आणि सर्वांत मोठा नियम असा की, ऐकू आले नाही तर रिकामी जागा सोडायची. अंदाज करायचा नाही.

हा नियम मी मोडला होता, तेही सांगते. कामाला लागून सहा महिने झाले होते, आपल्याला आता येते असा थोडा ताठा आला होता. गुडघेदुखीच्या एका पेशंटला डॉक्टरने "सेलेब्रेक्स" दिले होते. आवाज खरखरत होता. मी "सेलेक्सा" लिहिले. पहिले औषध दुखण्यावरचे, दुसरे मनाच्या उदासीवरचे. रिकामी जागा सोडली तर ओळी कमी भरतात आणि तपासनीस गुण कापतात, या लोभाने मी अंदाज केला. तपासणाऱ्या बाईंनी ते पकडले आणि मला बोलावून एवढेच विचारले, "गुडघा उदास होता का?" मी हसले नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसरी अट गुप्ततेची. अमेरिकेत १९९६ सालचा एक कायदा आहे, त्याला थोडक्यात हिपा म्हणतात. पेशंटची माहिती बाहेर जाता कामा नये, आणि २००९ नंतर तर बाहेरून काम करणाऱ्यांनाही तो कायदा थेट लागू झाला. आपल्याकडेही २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. याचा घरातला अर्थ असा की, कामाची खोली वेगळी पाहिजे, दार बंद पाहिजे, कागदावर छापायचे नाही, आणि नणंदेलाही सांगायचे नाही की आज एका बाईला असे असे झाले. दोन खोल्यांच्या घरात, सात माणसांत, वेगळी खोली कुठून आणायची? आम्ही स्वयंपाकघराच्या मागे पडदा आणि पुढे लाकडी दार लावून चार फूट जागा काढली. माझ्या अब्बांनी ते दार स्वतः बसवले.

२००३ साली एक विलक्षण प्रकार घडला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या इस्पितळाचे काम एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असे होत होत कराचीतल्या एका बाईपर्यंत पोचले. तिचे पैसे मधल्याने थकवले. तिने थेट इस्पितळाला लिहिले की, माझे पैसे द्या, नाहीतर पेशंटचे कागद उघड करीन. तिने केले ते चूकच, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. तिच्या संतापाचे कारण मात्र आम्हाला चांगले कळते. अशा साखळीत सर्वांत शेवटची कडी म्हणजे घरात बसलेली बाई. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत डॉलरचे पैसे झालेले असतात.

आता पैशांचेच बोलू, कारण पालक मला कार्यक्रमानंतर तेच विचारणार. मजुरी ओळीवर मिळते. एक ओळ म्हणजे कोऱ्या जागा धरून ६५ अक्षरे. डॉक्टर एक मिनिट बोलला की दहा-बारा ओळी होतात, आणि नवशिकीला ते एक मिनिट टाईप करून तपासायला दहा मिनिटे लागतात. मला सुरुवातीला ओळीला ४० पैसे मिळत. तासाला ६० ओळी, चार तासांत २४० ओळी, म्हणजे दिवसाचे ९६ रुपये. महिन्याचे २५ दिवस धरले तर २,४०० रुपये. चार-पाच वर्षांनी हात बसला तेव्हा तासाला १५० ओळी होऊ लागल्या आणि दर ६० पैसे झाला. मग चार तासांचे ३६० रुपये, महिन्याला ९,००० रुपये. यातून वीज, इंटरनेट आणि खराब झालेले हेडफोन वजा करा. आजारी पडले तर शून्य. ईदची सुट्टी घेतली तर शून्य. त्यांच्या नाताळात डॉक्टर सुट्टीवर गेले की तेव्हाही शून्य. "घरबसल्या महिना ४०,००० रुपये" असे फलक क्लासवाले लावतात ते मी पाहिले आहेत. मला तरी ते अर्ध्या वेळच्या कामात कधी मिळाले नाहीत.

पार्ट टाइम हा शब्दही जरा तपासून घ्यावा. २००९ साली मुलगी झाली तेव्हा मी ऑफिस सोडून घरून काम सुरू केले. पहाटे चार ते सात एक बैठक, दुपारी मुलगी झोपली की दुसरी. ऑफिसात होते तेव्हा कोणी मला हाक मारीत नव्हते. घरी बसले तेव्हा दूधवाला, गॅसवाला, पाहुणे, शेजारची खाला, सर्वांना मी मोकळीच दिसू लागले. घरात आहे म्हणजे रिकामी आहे, असाच समज. काम मात्र चोवीस तासांत परत गेलेच पाहिजे, आणि तातडीचे असेल तर दोन-चार तासांत. मग ते रात्री होते. म्हणजे चार तासांचे काम दिवसभर पुरते. मान, मनगट आणि कान या तिन्हींची तक्रार मला आजही आहे.

असे असूनही या कामाने मला वेळेला हात दिला, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. २०१३ साली सौदी अरेबियात नितकातचा अंमल कडक झाला आणि कोकणातली कितीतरी माणसे परत आली, त्यांत माझे पतीही होते. आम्ही मुंब्र्याची भाड्याची जागा सोडून म्हसळ्याला आलो. त्यांचा इथे जम बसेपर्यंत चौदा महिने घर या पेडलवर चालले. तेव्हा मी चारच्या जागी नऊ तास काम करीत होते. पती चहा करून दाराबाहेर ठेवीत, आत येत नसत. म्हणत, तुझा कायदा आहे. माझ्या सासूबाईंनी त्या वर्षी पहिल्यांदा पाहुण्यांना सांगितले की, सून ड्युटीवर आहे.

मग ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या लोकांना त्याचे वर्णन सांगायला नको. पत्रे गेले, विजेचे खांब आडवे झाले, बागा झोपल्या. आमच्याकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. लॉकडाऊनमुळे जगभर लोक घरून काम करू लागले होते आणि मी, जी अकरा वर्षे घरूनच करीत होते, तिला ते बंद करावे लागले. कंपनीचा संगणक दुसऱ्याच्या घरी नेऊन बसायचे तर परवानगी लागते. ती येईपर्यंत माझे दोन डॉक्टर दुसऱ्या कोणाला तरी देऊन झाले होते.

पण वादळाने नेले त्याहून अधिक यंत्राने नेले. बोललेले ऐकून आपोआप लिहिणारी यंत्रे पुष्कळ वर्षांपासून येत होती. सुरुवातीला ती इतके विनोदी लिहीत की आम्ही एकमेकींना वाचून दाखवीत असू. हळूहळू ती सुधारली. मग आम्हाला सांगण्यात आले की, आता टाईप करू नका, यंत्राने लिहिलेले फक्त दुरुस्त करा. आणि दर निम्मा झाला. प्रत्यक्षात दुरुस्तीला वेळ निम्मा लागत नाही, कारण चूक शोधायला सगळा आवाज ऐकावाच लागतो. आता तर डॉक्टर आणि पेशंट यांचे खोलीतले संभाषण ऐकून स्वतःच अहवाल तयार करणारी यंत्रे आली आहेत. माझ्याबरोबर २००६ साली शिकलेल्या बारा जणींपैकी आज या कामात आम्ही दोघी उरलो आहोत, आणि आम्हीही तपासनीस म्हणून.

तपासनिसाची गरज मात्र अजून संपलेली नाही. जे कोणी बोललेच नाही असे वाक्य यंत्र मध्येच घालते, हे २०२४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिले, आणि आम्ही ते रोज पाहतो. यंत्राला रिकामी जागा सोडायला आवडत नाही. सहा महिने जुन्या शिकाऊ मुलीसारखे ते अंदाज करते, आणि फार सफाईने करते. ते पकडायला मात्र नवशिकी चालत नाही. कामाचा तळ गेला आणि वरचा मजला राहिला, अशी ही अवस्था आहे. खालून चढायचा जिनाच उरला नाही.

म्हणून मुलींनी केवळ टंकलेखनाच्या आशेने आज या धंद्यात उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेक्रेटरी साहेब मला क्षमा करोत. पन्नास हजार रुपये फी घेऊन सहा महिन्यांत नोकरीची हमी देणारा कोणी भेटला तर त्याच्याकडून आधी शिकून कामाला लागलेल्या पाच मुलींचे पत्ते मागा. ज्यांना या क्षेत्राची आवड आहे त्यांनी विज्ञानातली पदवी घ्यावी, आणि रोगांना व उपचारांना सांकेतिक क्रमांक देण्याचे मेडिकल कोडिंगचे काम शिकावे. त्याची परीक्षा कठीण आहे आणि यंत्र तिथेही शिरते आहे, हेही सांगून ठेवते.

फसवणुकीचा उल्लेख मी सुरुवातीला केला. २०१० साली जास्तीच्या कमाईसाठी मी घरबसल्या डेटा भरण्याच्या एका जाहिरातीला उत्तर दिले. त्यांनी ३,५०० रुपये अनामत घेतली, न वाचता येण्यासारखी पाने पाठवली, आणि मी भरून दिल्यावर चुका जास्त आहेत म्हणून पैसे तर दिले नाहीतच, उलट करार मोडला म्हणून वकिलाची नोटीस पाठवली. मी घाबरून आणखी २,००० रुपये भरले. नवऱ्याला वर्षभर सांगितले नाही. खरे काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही, एवढी साधी गोष्ट पदवीधर बाईला कळली नाही, कारण घराबाहेर विचारायला कोणी नव्हते. आज असे झाले तर १९३० या सरकारी नंबरावर लगेच फोन करा आणि मुख्य म्हणजे घरात सांगा. पालकांनीही मुलीने सांगितल्यावर तिला आधी रागावू नये.

शेवटी एक गोष्ट, जी बोलावी की नाही याचा मी बसमध्ये विचार करीत होते. या मेळाव्याला यायचे ठरले तेव्हा दोन पालकांनी मला आधीच गाठले. दोघांचे म्हणणे एकच. मुलगी बारावी झाली, आता घरी बसून करता येईल असे काही सांगा, म्हणजे पुढे कॉलेजला पाठवायला नको. त्यांचा राग नाही. रोहा-महाडपर्यंतचा प्रवास, वसतिगृहाचा खर्च, जमाना, सर्व मला माहीत आहे. पण माझ्या हाताला हे काम लागले ते अब्बांनी मला बी.एस्सी. होईपर्यंत पाठवले म्हणून. प्राणिशास्त्राच्या तासाला बेडूक फाडला होता म्हणून मला "इलियम" कुठे असते ते ठाऊक होते. घरात बसून काम करता येते, पण घरात बसून ते काम येत नाही.

आणि मी फार शहाणी आहे असेही समजू नका. माझी स्वतःची मुलगी विज्ञान शाखेत शिकते आहे. पुढे फार्मसीला जायचे म्हणते, घरापासून दूर. गेल्या महिन्यात मीच तिला म्हणाले, "जवळपास काही बघ ना." तिने माझ्या चार फुटांच्या खोलीकडे पाहिले आणि काही बोलली नाही. तिच्या अर्जावर मी अजून सही केलेली नाही. कागद माझ्या पर्समध्ये आहे. इथून गेल्यावर करणार आहे.

माझे पेडल आणि हेडफोन मी बरोबर आणले आहेत. कार्यक्रम संपल्यावर विद्यार्थिनींनी संगणक कक्षात यावे. सरावासाठी तयार केलेला एक आवाज आहे, कोणा खऱ्या पेशंटचा नाही. दोन मिनिटे ऐकून जे ऐकू येईल ते कागदावर लिहायचे. जिथे ऐकू येणार नाही तिथे रिकामी जागा सोडायची. मुलांनाही यायला हरकत नाही.